वापरलेल्या सात आसनी कौटुंबिक मोटारीची निवड : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबे सात आसनी मोटार घेताना बहुधा वापरलेल्या गाडीचा विचार करतात. अशा वेळी चर्चा होते ती 'कोणते मॉडेल चांगले' याची. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, वापरलेल्या मोटारीच्या बाबतीत निवड मॉडेलची नसून एका विशिष्ट गाडीची असते. त्यामुळे कुटुंबाची प्रत्यक्ष गरज, तिसऱ्या रांगेची उपयुक्तता, गाडीचा पूर्वेतिहास आणि कायदेशीर कागदपत्रे हे चार निकष मॉडेलच्या लौकिकापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात. या निकषांची क्रमवार मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : वापरलेली मोटार, सात आसनी, तिसरी रांग, पूर, मालकी हस्तांतरण, विमा.

1. प्रस्तावना

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून या परिसराचे दैनंदिन जीवन रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधले गेले आहे. येथील नोकरदार माणूस आजही प्रामुख्याने लोकलने कामावर जातो. त्यामुळे मोटार ही येथे बहुतेकांच्या बाबतीत व्यक्तीची रोजची गरज नसून कुटुंबाची प्रासंगिक गरज आहे. गणपतीसाठी कोकणात जाणे, माळशेजमार्गे जुन्नर-नगरकडील गावी जाणे, नाशिक-त्र्यंबकेश्वर, लग्नकार्ये, वृद्ध आईवडिलांना रुग्णालयात नेणे हे त्या गरजेचे खरे प्रसंग होत. या प्रत्येक प्रसंगी आजी-आजोबा, पतिपत्नी, मुले आणि एखादी आत्या किंवा मावशी अशी सहा-सात माणसे सहज होतात. पाच आसनांची गाडी येथे अपुरी पडते.

नवी सात आसनी मोटार घेणे अनेक कुटुंबांच्या ऐपतीबाहेर असते व म्हणून वापरलेल्या गाडीचा पर्याय पुढे येतो. मात्र 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' या म्हणीत जो व्यवहार सांगितला आहे, तसाच हा व्यवहार अनेकदा होतो. वस्तू पुरती दिसत नाही, तरीही तिची किंमत ठरते. कुटुंबाच्या बचतीचा मोठा भाग, कुटुंबातील सर्वांची सुरक्षितता आणि कायदेशीर दायित्व या तिन्ही गोष्टी या एका निर्णयात गुंतलेल्या असल्याने त्याचा पद्धतशीर विचार होणे आवश्यक आहे.

2. उद्दिष्टे व विवेचनाची पद्धत

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

1) सात आसनी मोटारीची कुटुंबाला असणारी गरज मोजण्याची सोपी रीत सुचविणे.
2) तिसऱ्या रांगेच्या दृष्टीने उपलब्ध गाड्यांचे विवेचन करणे.
3) स्थानिक परिस्थितीमुळे वापरलेल्या गाडीत उद्भवणारे दोष व त्यांची लक्षणे स्पष्ट करणे.
4) मालकी हस्तांतरण व विमा यांसंबंधीच्या कायदेशीर बाबी समजावून सांगणे.

विवेचनाची पद्धत वर्णनात्मक आहे. त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय, उत्पादकांनी जाहीर केलेली मापे आणि परिसराची भौगोलिक परिस्थिती यांचा आधार घेतला आहे. येथे दिलेली खर्चाची आकडेमोड उदाहरणादाखल आहे. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

3. गरजेचे मोजमाप : तिसऱ्या रांगेची किंमत

सात आसनी गाडी घेताना पहिला प्रश्न असा विचारावा की, वर्षातील किती दिवस गाडीत खरोखर सहा किंवा सात माणसे बसणार आहेत? उत्तर बहुधा अपेक्षेपेक्षा कमी निघते.

असे समजू की, एक वापरलेली सात आसनी गाडी 6 लाख रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी ती 3 लाखांना विकली. घसारा वर्षाला 60 हजार रुपये झाला. विमा, दुरुस्ती, टायर यांवर वर्षाला 50 हजार धरले, तर इंधन वगळून वार्षिक खर्च 1 लाख 10 हजार होतो. याच रीतीने हिशेब केल्यावर पाच आसनी लहान गाडीचा वार्षिक खर्च 70 हजार आला, असे मानू. दोहोंतील 40 हजारांचा फरक ही तिसऱ्या रांगेची वार्षिक किंमत होय. ती रांग वर्षातून 20 दिवस वापरात आली, तर प्रत्येक दिवसाला 2 हजार रुपये पडतात; 8 दिवसच आली, तर 5 हजार. या रकमेची तुलना चालकासह भाड्याने मिळणाऱ्या सात आसनी गाडीच्या दिवसभराच्या भाड्याशी करावी. एकरकमी गुंतविलेल्या अधिक पैशांवरील व्याजही या हिशेबात धरणे योग्य ठरेल.

ज्या घरात आजी-आजोबा एकत्र राहतात व दर आठवड्याला सहा माणसांचे जाणे-येणे असते, त्या घरात सात आसनी गाडीचे समर्थन या हिशेबातून सहज होते. ज्या घरात केवळ गणेशोत्सव आणि मे महिन्याची सुटी हेच प्रसंग आहेत, तेथे लहान गाडी आणि प्रसंगी भाड्याची गाडी हा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरतो. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु हौस आणि गरज यांतील फरक खरेदीपूर्वी स्वतःला ठाऊक असलेला बरा.

गरजेच्या मोजमापात वाहनतळाचाही समावेश होतो. नौपाडा, पाचपाखाडी, डोंबिवलीतील रामनगर अथवा फडके रस्ता परिसर येथील जुन्या इमारती मोटारींचा विचार करून बांधलेल्या नाहीत. रेनॉ ट्रायबरची लांबी चार मीटरच्या किंचित आत आहे. दुसऱ्या पिढीच्या मारुती अर्टिगाची 4.395 मीटर आणि टोयोटा इनोव्हा क्रिस्टाची 4.735 मीटर आहे. ट्रायबर व क्रिस्टा यांतील हा पाऊण मीटरचा फरक वळणाच्या फाटकातून आत शिरताना निर्णायक ठरतो. घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांत जेथे यांत्रिक वाहनतळ आहेत, तेथे गाडीची उंची व वजन यांची मर्यादा असते. गाडी पाहायला जाण्यापूर्वी आपली जागा टेपने मोजावी.

4. तिसरी रांग : आसन, वाट आणि सुरक्षितता

नोंदणी प्रमाणपत्रावरील आसनसंख्येत चालकाचाही समावेश असतो. म्हणजे 'सात आसनी' याचा अर्थ चालक अधिक सहा प्रवासी असा होतो. हे सहा प्रवासी कसे बसतात हा खरा प्रश्न आहे.

प्रथम वाटेचा विचार करू. अर्टिगामध्ये आसनांची रचना दोन-तीन-दोन अशी असून मागे जाण्यासाठी मधले आसन दुमडून सरकवावे लागते. इनोव्हाच्या काही प्रकारांत मधल्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असतात व त्यांमधून मागे जाण्याची वाट राहते. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीस तिसऱ्या रांगेत बसविणे कोणत्याही गाडीत कष्टाचेच आहे. म्हणून तेथे मुले किंवा तरुण मंडळी बसणार हे गृहीत धरावे. मागच्या रांगेत आसन जमिनीलगत असल्याने गुडघे वर येतात. उंच मुलाचे डोके छताला लागते काय, हेही पाहावे.

दुसरी बाब सामानाची. तिन्ही रांगा उभ्या असताना दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात सामानासाठी 209 लिटर, तर ट्रायबरमध्ये केवळ 84 लिटर जागा उरते. ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवता येते ही त्या गाडीची जमेची बाजू. परंतु ती काढली की गाडी पाच आसनी होते. सात माणसे आणि त्यांचे चार दिवसांचे सामान ही दोन्ही ओझी एकत्र वाहणाऱ्या गाड्या थोड्याच. गणपतीच्या प्रवासात मखर, पिशव्या आणि परतीच्या वेळी तांदूळ-नारळ असतातच. सात माणसांचे सरासरी 60 किलोप्रमाणे 420 किलो आणि सामानाचे 60 किलो धरले, तर भार 480 किलो होतो. टपावर सामान लादल्यास गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती अधिक झुकते, हे कशेडी किंवा कसारा घाटात ध्यानात येते. पूर्ण भारासाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा असतो. तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसलेल्यास पट्ट्याची गरज नाही, हा समज किती घातक आहे याकडे या दुर्घटनेने लक्ष वेधले. मोटार वाहन अधिनियमात 2019 साली समाविष्ट झालेल्या कलम 194 ख नुसार पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे. जुन्या गाड्यांत मधल्या रांगेतील मधल्या आसनास केवळ कमरेचा पट्टा असतो. तिसऱ्या रांगेतील पट्टे वर्षानुवर्षे न वापरल्याने आसनाखाली अडकलेले आढळतात. प्रत्येक पट्टा पूर्ण ओढून, झटका देऊन तो अडतो काय, हे तपासावे. बोलेरो व जुनी स्कॉर्पिओ यांच्या ज्या प्रकारांत मागची आसने समोरासमोर आडवी आहेत, ते प्रकार मुलांना बसविण्यासाठी घेऊ नयेत.

ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांत महिंद्रा मराझोला 2018 मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे, अर्टिगाला 2019 मध्ये तीन व ट्रायबरला 2021 मध्ये चार तारे मिळाले होते. मात्र हे तारे वाचताना एक मर्यादा लक्षात घ्यावी. या चाचण्यांत प्रौढांचे पुतळे पुढे व मुलांचे पुतळे मधल्या रांगेत बसविले होते. तिसऱ्या रांगेविषयी हे तारे थेट काहीच सांगत नाहीत. त्या रांगेत डोके टेकण्याची उशी पुरेशी उंच आहे काय आणि डोके व मागची काच यांत किती अंतर उरते, हे ज्याचे त्याने पाहिले पाहिजे.

उत्पादनवर्षाचाही येथे संबंध येतो. चाके अडकू न देणारी एबीएस प्रणाली एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. चालकासाठी एअरबॅग जुलै 2019 पासून आणि पुढील प्रवाशासाठी ती 2021 अखेरपासून सर्व गाड्यांत आली. त्यापूर्वीच्या गाड्यांत या सुविधा केवळ महागड्या प्रकारांत असू शकतात. म्हणून 2017 सालची गाडी पाहताना तिचे नाव नव्हे, तर तिचा नेमका प्रकार विचारावा.

5. बाजारातील गाड्यांचे स्थूल वर्गीकरण

महाराष्ट्रातील कुटुंबांना अनेक माणसांच्या गाडीची सवय लावली ती 1994 साली आलेल्या टाटा सुमोने. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे या गाडीच्या नावात आहेत. 2000 मध्ये टोयोटा क्वालिस आणि 2005 मध्ये इनोव्हा आली. 2012 मध्ये आलेल्या अर्टिगाने सात आसनी गाडी लहान मोटारीसारखी चालविता येते, हे दाखवून दिले. आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात साधारणतः तीन गट दिसतात.

पहिला गट मजबूत सांगाड्यावर बांधलेल्या, मागील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांचा आहे. इनोव्हा, 2016 मध्ये आलेली क्रिस्टा, झायलो (2009) आणि टॅवेरा (2004) या त्यात येतात. भरलेली गाडी घाटात चढविण्याची क्षमता हे त्यांचे बळ. वजन, आकार व इंधनखर्च ही त्यांची मर्यादा. इनोव्हाची पुनर्विक्री किंमत चढी असते. याचा अर्थ असाही होतो की, खूप चाललेली इनोव्हाही महाग मिळते. लौकिकाची किंमत मोजताना गाडीची अवस्था विसरली जाण्याचा धोका याच गटात सर्वाधिक आहे.

दुसरा गट एकसंध बांधणीच्या, पुढील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांचा आहे. अर्टिगा, ट्रायबर (2019), किया कॅरेन्स (2022), होंडा मोबिलिओ (2014) या त्यात येतात. शहरात त्या हलक्या वाटतात. ट्रायबरचे इंजिन एक लिटरचे असल्याने सात माणसे व वातानुकूलन यांसह चढावर ते थकते. चार-पाच माणसे नेहमी आणि सात क्वचित, अशा घराला ती पुरेशी आहे. सात माणसांनी दर महिन्याला माळशेज घाट चढणाऱ्या घराला नाही.

तिसरा गट उत्पादन थांबलेल्या गाड्यांचा आहे. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतातील शेवरोलेची विक्री थांबविली. निस्सानने 2022 मध्ये डॅटसनचे भारतातील उत्पादन बंद केले. मोबिलिओची विक्री 2017 मध्ये थांबली. या गाड्या स्वस्त मिळतात. परंतु यंत्राचे भाग कदाचित मिळतील, मागील दिव्याचे आवरण किंवा तिसऱ्या रांगेच्या आसनाची कळ मिळेलच असे नाही. अशी गाडी घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये चार-पाच भागांची नावे सांगून ते किती दिवसांत व किती किमतीत मिळतील, याची विचारणा करावी.

6. इंधनाचा विचार

परिसराची राहणी लक्षात घेता हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. लोकलने कामावर जाणाऱ्या कुटुंबाची गाडी आठवडाभर उभी असते आणि निघालीच तर शाळा, बाजार, स्थानक अशी दोन-तीन किलोमीटर धावते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते. केवळ कल्याण स्थानक ते खडकपाडा एवढेच फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते व तिची दुरुस्ती खर्चिक असते. त्यामुळे कमी वापराच्या कुटुंबाने नव्या मानकांची डिझेल गाडी टाळावी.

या परिसरात महानगर गॅसचे सीएनजी पंप असल्याने सीएनजी अर्टिगाला मोठी मागणी आहे. तिची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे असते आणि सामानाची जागा व्यापते. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते; चाचणीची तारीख तपासावी. सीएनजी संच नंतर बसविलेला असल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर झाली आहे काय, हे पाहणे अनिवार्य समजावे. नोंद नसलेला संच अपघाताच्या प्रसंगी विम्याच्या दाव्यात अडचण निर्माण करतो.

पेट्रोलच्या बाबतीत 2025 पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिश्रित इंधन मिळू लागले आहे. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या त्या दृष्टीने तयार केलेल्या आहेत. त्यापूर्वीच्या पेट्रोल गाडीची प्रति लिटर धाव काहीशी घटते, हे खर्चाच्या अंदाजात धरावे.

7. गाडीचा पूर्वेतिहास

7.1 पाणी

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या कल्याण-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातही हाहाकार उडाला. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली व एक हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. रेल्वेची ती छायाचित्रे सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारींचे काय झाले, याचा मागोवा ग्राहकालाच घ्यावा लागतो. 2019 पूर्वीची या पट्ट्यातील कोणतीही गाडी पाहताना, ती त्या दिवसांत कोठे उभी होती, हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

पुरात भिजलेली गाडी धुऊन, नवी आसनवस्त्रे घालून चकचकीत करता येते. तरीही काही खुणा राहतात. पट्टा शेवटपर्यंत ओढला असता टोकाकडील भागावर गाळाची रेघ दिसते. आसनाच्या रुळांवर, पायाखालील सतरंजीच्या आतील पत्र्यावर आणि जादा चाकाच्या खोबणीत गंज किंवा बारीक गाळ आढळतो. दिव्यांच्या आत धुके साचलेले असते. काचा बंद करून दहा मिनिटे बसल्यास कुबट वास येतो. तो लपविण्यासाठी सुगंधी द्रव्याचा अतिरेक केला असेल, तर संशय वाढवावा. विद्युत जोडण्यांतील गंज वर्षा-दोन वर्षांनी दोष दाखवितो आणि तोपर्यंत विक्रेता दूर गेलेला असतो. म्हणून पूरबाधित गाडी कितीही स्वस्त असली तरी कौटुंबिक वापरासाठी ती नाकारावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

7.2 भाडे आणि किलोमीटर

सात आसनी गाड्यांचा एक मोठा वापर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण व पर्यटन यांसाठी होतो. अशी गाडी पिवळ्या पाटीची असल्यास ते कागदावर दिसते. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालविली गेली असल्यास मात्र ते गाडीवरून ओळखावे लागते. किलोमीटरदर्शकाचा आकडा मागे नेणे अवघड राहिलेले नाही. त्यामुळे आकड्यावर विश्वास न ठेवता झीज वाचावी. पन्नास हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीचे पायदाब गुळगुळीत झाले असतील, सुकाणूचक्राची पकड घासली असेल, चालकाच्या आसनाची कड खचली असेल आणि डाव्या मागील दाराची मूठ उजवीपेक्षा अधिक झिजली असेल, तर आकडा खोटा असण्याची शक्यता आहे. अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदींची तारीखवार यादी मागावी. तीत किलोमीटर वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

उलटपक्षी, कमी चाललेली गाडी चांगलीच असते असेही नाही. वर्षानुवर्षे उभी राहिलेल्या गाडीचे टायर वयाने कडक होतात. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. '2319' म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चाकांची झीज कमी, पण वय सात वर्षे असल्यास नव्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करावा.

7.3 प्रत्यक्ष चाचणी

चाचणी एकट्याने घेऊ नये. घरातील सहा-सात माणसांना घेऊन गाडी चालवावी. ठाण्यातील रहिवाशांना घोडबंदर रस्त्यावरील गायमुखचा चढ त्यासाठी सोयीचा आहे. कल्याण-डोंबिवलीकरांना कल्याण-शीळ रस्त्यावरील थांबत-चालत पुढे सरकणारी वाहतूक. चढावर क्लच घसरतो काय, भरलेल्या गाडीचा मागचा भाग बसतो काय, गतिरोधकावर तळ घासतो काय, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. बहुतेक गाड्यांत तिसऱ्या रांगेच्या काचा उघडत नाहीत. म्हणून मागच्या वातानुकूलनाचा झोत भर दुपारी मागे बसून तपासावा. शेवटी विश्वासातील मेकॅनिककडून गाडी खालून वर उचलून पाहून घ्यावी. त्यासाठी दिलेले पैसे हा या व्यवहारातील सर्वांत फलदायी खर्च होय.

8. कागदपत्रे, मालकी आणि विमा

ठाणे कार्यालयाच्या गाड्यांना एमएच-04 आणि कल्याण कार्यालयाच्या गाड्यांना एमएच-05 हा संकेत असतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने चौदा दिवसांत व खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरणाची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते. त्यासाठी अनुक्रमे नमुना 29 व नमुना 30 आहेत. गाडीवर कर्ज असल्यास नमुना 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. मूळ मालक दिवंगत असल्यास आधी वारसाच्या नावे हस्तांतरण होऊन मगच विक्री व्हावी. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन 'नाव नंतर लावू' असे म्हणणारा मध्यस्थ खरेदीदार व विक्रेता या दोघांनाही संकटात लोटतो.

हे संकट काल्पनिक नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात एक मोटार नोंदणी न बदलता एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. त्यानंतर तिच्या हातून अपघात घडला. भरपाई कोणी द्यावी, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असा निर्णय दिला की, अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. पीडिताने विक्रीच्या साखळीचा शोध घेत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही, असा त्यामागील विचार आहे. आपली जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्या प्राध्यापक वाचकांनी हा निर्णय विक्रेत्याच्या भूमिकेतूनही लक्षात ठेवावा.

विम्यासंबंधी गैरसमज अधिक आहेत. कलम 157 नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते व त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नोंदीसाठी अर्ज करावयाचा असतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. तसेच दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. ती खरेदीदारास मिळत नाही.

1 एप्रिल 2023 पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी अधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. मालकाने अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याचे शासनास कळविल्यावर दायित्व विक्रेत्याकडे जाते. दुकानातून गाडी घेताना हे प्राधिकारपत्र पाहण्याचा आग्रह धरावा.

दिल्लीतील जुन्या गाड्यांविषयीही सावध राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तेथील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध घातल्यापासून तेथील मोठ्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशी गाडी घेतल्यास ना-हरकत पत्र, बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक आणि महाराष्ट्राचा कर यांचा खर्च व खटाटोप किमतीत मिळवावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क मोटारीसाठी एप्रिल 2022 पासून 5 हजार रुपये झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी 10 हजार करण्यात आले. त्याखेरीज पर्यावरण कर असतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक उत्तर येथे आहे.

किमतीच्या वाटाघाटीत आणखी एक संदर्भ उपयोगी पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या नव्या गाड्यांवर 18 टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के दर आला. ट्रायबरसारख्या गाडीची नवी किंमत त्यामुळे उतरली. नव्या गाडीची आजची किंमत न पाहता तिच्या जुन्या किमतीवरून वापरलेल्या गाडीचे मोल ठरविणे, ही आता महागात पडणारी चूक ठरेल.

9. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1) सात आसनी गाडीची किंमत म्हणजे तिसऱ्या रांगेची किंमत होय, ती रांग वर्षातून किती दिवस भरणार, यावर खरेदीचे समर्थन अवलंबून आहे.
2) तिसऱ्या रांगेची सुरक्षितता ताऱ्यांवरून कळत नाही, पट्टा, डोक्याची उशी आणि मागील काचेचे अंतर प्रत्यक्ष पाहावे.
3) कमी धावणाऱ्या, लोकलवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला पेट्रोल किंवा कंपनीने बसविलेला सीएनजी संच असलेली गाडी अधिक सोयीची, भारत स्टेज-6 डिझेल नित्य लांब प्रवास करणाऱ्यांसाठी.
4) उल्हास-वालधुनी पट्ट्यातील गाडीत पुराच्या खुणा शोधणे ही तपासणीची पहिली पायरी असावी.
5) पूर्ण रक्कम देण्यापूर्वी हस्तांतरणाचा अर्ज दाखल व्हावा आणि विमा त्याच आठवड्यात आपल्या नावे करून घ्यावा.

या निकषांनुसार चांगल्या अवस्थेतील साधी अर्टिगा ही दुर्लक्षित क्रिस्टापेक्षा अधिक योग्य ठरू शकते आणि एखाद्या कुटुंबाच्या बाबतीत पाच आसनी गाडी या दोहोंपेक्षा. गाडी पाहायला जाताना घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध व्यक्तीस सोबत न्यावे. त्यांना गाडीत चढता आले, पट्टा बांधता आला आणि तासभर बसवले, तर पुढील चर्चा करावी. अन्यथा विक्रेत्याचे आभार मानून परत यावे.